शेवटचे पाणी कोणते? रूट कॅनॉलमधील धुलाई आणि सीलरचा इतिहास

करमाड हे छत्रपती संभाजीनगर–जालना रस्त्यावरचे गाव, शहरापासून साधारण वीस किलोमीटरवर. या पट्ट्यातल्या माणसाची दाढ ठणकू लागली, की पूर्वी घरातली लवंग निघे, कोणी जाणते म्हातारे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देई आणि तरीही भागले नाही तर दात उपटला जाई. दात जागेवर ठेवून त्याचे मूळ आतून साफ करायचे आणि कायमचे बंद करायचे, ही वाट इथे फार उशिरा आली. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये निघाले, शासकीय दंत महाविद्यालय १९४५ मध्ये. नागपूरला १९६८ उजाडले. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय दंत महाविद्यालय मिळाले ते १९८२ मध्ये. घाटी रुग्णालयाच्या परिसरातील ही संस्था मराठवाड्यातल्या दातदुखीचा मोठा भार आजही वाहते.

आज ‘रूट कॅनॉल’ हा शब्द करमाडच्या बाजारातही कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पण त्या उपचाराच्या पोटात एक जुने भांडण दडलेले आहे, ते क्वचितच कोणाला ठाऊक असते. मूळ धुणारी द्रावणे आणि मूळ बंद करणारे सीलर यांचे बराच काळ जमत नव्हते. हा धागा त्या भांडणाचा.

आधी शत्रूची ओळख. ‘दाताला कीड लागली’ असे आपण आजही म्हणतो. हा शब्दप्रयोग साधा नाही. सुश्रुतसंहितेत ‘कृमिदंतक’ नावाचा रोग सांगितला आहे आणि बाबिलोनियाच्या मृत्तिकापट्टीवर दातातल्या किड्याला उद्देशून मंत्र आहे. धुरीची कल्पनाही त्यातूनच आली: किडा धुराने बाहेर पडेल. पॅरिसचा दंतवैद्य पियर फोशार याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात या किड्यावर अविश्वास दाखवला, कारण शोधूनही तो त्याला सापडला नव्हता. पुढे १८९० मध्ये विलोबी मिलर याने तोंडातील सूक्ष्मजीवांवर ग्रंथ लिहिला. किडा नव्हताच, पण ‘कोणीतरी आत आहे’ ही लोकांची शंका अगदीच वाया गेली नाही.

सूक्ष्मजीव आत आहेत म्हटल्यावर काय करायचे, यावर वैद्यकाचे एकमत नव्हते. १९१० मध्ये ब्रिटिश डॉक्टर विल्यम हंटर याने मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात भाषण केले. कुजक्या दातांवर सोन्याच्या टोप्या चढवून आतला पू झाकणाऱ्या दंतवैद्यांवर त्याने जोरदार टीका केली. त्याचा रोख निष्काळजी कामावर होता. परिणाम मात्र असा झाला की पुढची काही दशके संधिवातापासून वेडापर्यंत अनेक आजारांचे खापर दातांवर फुटले आणि धडधाकट माणसांचेही दात सर्रास उपटले गेले. दंतवैद्यकाच्या इतिहासातले हे सर्वांत लाजिरवाणे पान म्हणावे लागेल. मुळे नीट निर्जंतुक करता येतात आणि पक्की बंद करता येतात, हे सिद्ध झाल्याशिवाय हा हाहाकार थांबणार नव्हता. म्हणून धुलाई आणि सीलर हा प्रश्न केवळ कारागिरीचा राहिला नाही. माणसाचा दात तोंडात राहणार की कचऱ्यात जाणार, हे त्यावर ठरू लागले.

आता धुण्याची गोष्ट. ती दातापासून फार दूर सुरू होते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये कापड पांढरे करण्यासाठी क्लोरीनयुक्त पाणी बनू लागले. पॅरिसजवळच्या जावेल गावाच्या नावावरून त्याला ‘जावेलचे पाणी’ म्हणत. १८२० च्या दशकात लाबाराक नावाच्या औषधविक्रेत्याने त्याच्याच जातकुळीचे द्रावण दुर्गंधी आणि सडका मारण्यासाठी वापरले. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस याने प्रसूतिगृहात शिरणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. आपल्या ग्रामपंचायती विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर याच घराण्यातली.

पहिल्या महायुद्धात खंदकांतील जखमा सडू लागल्या, तेव्हा १९१५ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन याने सोडियम हायपोक्लोराइटचे सुमारे अर्ध्या टक्क्याचे सौम्य द्रावण तयार केले. फ्रेंच शल्यविशारद अलेक्सी कारेल याने काँपियेन्यच्या रुग्णालयात ते रबरी नळ्यांतून जखमेच्या तळापर्यंत ठरावीक वेळाने सोडण्याची पद्धत बसवली. या द्रावणाचा गुण असा की ते जंतू तर मारतेच, शिवाय मेलेले मांस विरघळवते. दाताच्या मुळातही नेमके तेच हवे होते. १९३६ मध्ये अमेरिकेत वॉकर याने मेलेल्या दातांसाठी क्लोरीनयुक्त सोड्याच्या तीव्र द्रावणाची शिफारस केली. १९४१ मध्ये लुई ग्रॉसमन आणि मेमन यांनी निरनिराळी रसायने दाताच्या नसेवर तपासली, त्यात हायपोक्लोराइट सरस ठरले. ग्रॉसमन लवकरच ते हायड्रोजन पेरॉक्साइडसोबत आलटून-पालटून वापरण्याचा सल्ला देऊ लागला. दोन्ही एकत्र आले की फेस येतो आणि फेसाबरोबर घाण वर येते. ग्रॉसमनचे पाठ्यपुस्तक, नव्या संपादकांनी अद्ययावत केलेले, भारतीय दंत महाविद्यालयांत अजून वाचले जाते.

मात्र डेंटिन, म्हणजे दाताचा मुख्य भाग, एकाच पदार्थाचा नसतो. वजनाने त्याचा सुमारे ७० टक्के भाग खनिज, २० टक्के सेंद्रिय आणि उरलेले पाणी. हायपोक्लोराइट सेंद्रिय भाग खातो, खनिजाला तो हात लावत नाही. अरुंद, चुनखडीसारख्या थराने बुजलेली मुळे मोकळी करायला दुसरे काहीतरी हवे होते. ते आले रंगाऱ्यांच्या जगातून. १९३५ मध्ये जर्मनीत फर्डिनांड म्युन्झ याने ईडीटीए हे रसायन तयार केले, ते कापडरंगाईच्या उद्योगाला उपद्रव देणारे पाण्यातले कॅल्शियम पकडून ठेवण्यासाठी. मराठवाड्यात बोअरच्या जड पाण्याने भांड्याला धरणारा पांढरा थर सर्वांनी पाहिला आहे. त्याच कॅल्शियमला मिठीत घेणारे हे रसायन. १९५७ मध्ये नॉर्वेच्या निगार्ड-ओस्टबी याने ते दाताच्या मुळात आणले. उद्देश अगदी मर्यादित होता, घट्ट मूळ जरा सैल करायचे. सीलर चिकटण्याचा विचार त्यात नव्हता.

तिसरा पाहुणा क्लोरहेक्सिडिन. इंग्लंडमध्ये मलेरियाच्या औषधांवर चाललेल्या संशोधनाच्या वाटेवर तो हाती लागला आणि १९५० च्या दशकात बाजारात आला. गुळण्या करण्याच्या औषधात तो आपल्याला परिचित आहे. तो जंतू मारतो आणि दाताच्या भिंतीला बराच काळ धरून राहतो, पण मांस विरघळवत नाही.

आता बंद करण्याची गोष्ट. हीसुद्धा दातापासून दूरच सुरू होते.

१८४३ च्या सुमारास सिंगापूरहून लंडनला मलायातील एका झाडाचा चीक पोचला: गटा-पर्चा. गरम केला की मऊ, थंड झाला की घट्ट, आणि खाऱ्या पाण्यात न कुजणारा. समुद्राखालच्या तारांना त्याचे वेष्टण होऊ लागले. १८७० मध्ये सुएझ आणि एडनमार्गे मुंबईपर्यंत तार आली तीही गटा-पर्चात गुंडाळलेली. तारेच्या आधीच, १८४७ मध्ये, अमेरिकेत एसा हिल याने त्यापासून दातात भरायचे मिश्रण केले आणि १८६७ मध्ये बोमन याने ते मुळात भरले. तेव्हापासून आजतागायत मूळ भरायला हाच पदार्थ मुख्य.

एक अडचण मात्र आरंभापासून होती. गटा-पर्चा डेंटिनला चिकटत नाही. त्याच्या आणि भिंतीच्या मधली फट कशाने तरी बुजवावीच लागते. तो बुजवणारा पातळ लेप म्हणजे सीलर. तारेच्या वेष्टणाला भिंतीला चिकटावे लागत नव्हते, दाताच्या मुळात तेच सर्वांत महत्त्वाचे ठरले.

जुने सीलर झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांचे. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातील मुख्य घटक, आजीच्या डबीतलीच लवंग. १९३६ मध्ये ग्रॉसमनने या घराण्यातले आपले सूत्र दिले आणि १९५८ मध्ये सुधारले. हे सीलर भिंतीला घट्ट चिकटत असे म्हणणे धाडसाचे होईल, ते फट भरून बसत एवढेच. १९५४ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये आंद्रे श्रोडर याने एपॉक्सी रेझिनचा सीलर आणला: एएच-२६. घराघरांत पोचलेल्या अराल्डाइटचाच हा भाऊबंद. घट्ट होताना त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटे, तो दोष पुढे एएच-प्लसमध्ये दूर केला गेला. एपॉक्सी खरोखर चिकटतो. पण अराल्डाइट लावताना जो नियम कोणताही कारागीर सांगेल तोच इथे लागू होतो: पृष्ठभाग कसा आहे, त्यावर सगळे अवलंबून.

इथे दोन्ही कथा एकमेकींना भिडल्या.

१९७५ मध्ये मॅकूम आणि स्मिथ यांनी कानसलेल्या मुळाची भिंत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. डेंटिनमध्ये असंख्य बारीक नलिका असतात, प्रत्येकी एक-दोन मायक्रोमीटर रुंद. त्यांची तोंडे उघडी दिसायला हवी होती. प्रत्यक्षात कानशीने घासल्याचा भुसा, नसेचे अवशेष आणि जंतू यांचा गिलावा सगळ्या भिंतीवर लिंपलेला दिसला. त्याला ‘स्मिअर लेअर’ म्हणतात. जाडी एक ते पाच मायक्रोमीटर, पण नलिकांच्या तोंडात तो चाळीस मायक्रोमीटरपर्यंतही ठासलेला आढळला. म्हणजे तोवर लावलेला सीलर बऱ्याचदा दाताला नव्हे, धुळीला चिकटलेला होता.

या थरात खनिजही असते आणि सेंद्रिय भागही. एकटा हायपोक्लोराइट तो काढू शकत नाही, एकटे ईडीटीएही नाही. १९८३ मध्ये यामाडा आणि सहकाऱ्यांनी शेवटी १७ टक्के ईडीटीए आणि त्यानंतर ५.२५ टक्के हायपोक्लोराइट असा क्रम वापरून भिंत स्वच्छ करून दाखवली. स्वच्छतेच्या दृष्टीने निकाल देखणा होता आणि हा क्रम बरीच वर्षे आदर्श मानला गेला.

सीलरच्या दृष्टीने पाहिले तर याच क्रमात गोम होती. ईडीटीएने खनिज काढले की खालचे कोलॅजेनचे जाळे उघडे पडते. त्यावर पुन्हा हायपोक्लोराइट सोडला की तो ते जाळे खातो, पुन्हा उघडे पडलेले खनिज राहते आणि भिंत खरवडल्यासारखी होते. एपॉक्सी सीलर मात्र कोलॅजेनमधल्या अमिनो गटांशी जोडणी करतो, असे मानले जाते. ज्याचा हात धरायचा तोच उरला नाही, तर सीलर धरणार कशाला? म्हणून क्रम उलटा करून पाहण्यात आला: आधी हायपोक्लोराइट भरपूर, शेवटी ईडीटीए. अनेक चाचण्यांत एपॉक्सीची पकड त्याने सुधारली. कपडे धुताना नीळ शेवटच्या पाण्यात घालतात, आधी घालून मग साबण लावत नाहीत. इथेही द्रावणे तीच राहिली, बदलले ते शेवटचे पाणी.

दोन्ही द्रावणे एकाच वेळी ओतून वेळ वाचवावा, असा मोह होतो. तो महागात पडतो. ईडीटीएच्या संगतीत हायपोक्लोराइटमधला कामाचा क्लोरीन झटपट संपतो आणि नस विरघळवण्याची ताकद जाते. हायपोक्लोराइट आणि क्लोरहेक्सिडिन एकत्र आले तर चित्र आणखी विचित्र: लगेच विटकरी-तपकिरी गाळ धरतो. २००७ मध्ये बसरानी आणि सहकाऱ्यांनी या गाळात पॅरा-क्लोरोॲनिलिन असल्याचे मांडले, पुढे त्यावर वादही झाला. तो गाळ नलिकांची तोंडे बुजवतो हे मात्र दिसत होते. एवढे करून साफ केलेल्या भिंतीवर आपल्याच हाताने नवा गिलावा. म्हणून एका द्रावणानंतर दुसरे घालण्याआधी मधे सलाइन किंवा शुद्ध पाणी फिरवण्याची शिस्त आली.

सगळ्यांत धडा देणारे प्रकरण मात्र रेझिलॉनचे. दात भरण्यातील चिकटशास्त्र १९५५ पासून, मायकेल ब्युओनोकोर याने इनॅमलवर आम्ल लावून रेझिन चिकटवल्यापासून, जोमात होते. तेच तंत्र मुळात उतरवायचे ठरले. २००४ मध्ये गटा-पर्चाला पर्याय म्हणून रेझिलॉन आणि त्याचा मेथॅक्रिलेट सीलर आला. दावा मोठा होता: भराव, सीलर आणि दात मिळून एकच अखंड ठोकळा, ‘मोनोब्लॉक’. गटा-पर्चाची दीडशे वर्षांची सद्दी संपणार, असे वातावरण होते.

पण मेथॅक्रिलेट रेझिन घट्ट होते ते मुक्त मूलकांच्या साखळीने, आणि ऑक्सिजन ती साखळी तोडतो. हायपोक्लोराइटने धुतलेल्या डेंटिनमध्ये ऑक्सिडीकरणाचा प्रभाव उरतो. म्हणजे मूळ जितके जोमाने निर्जंतुक करावे तितके रेझिन भिंतीजवळ कच्चे राहणार. आधीच्या सीलरमधले युजेनॉल भिंतीवर उरले असेल तर तेही ही साखळी अडवते. उपाय म्हणून शेवटी सोडियम ॲस्कॉर्बेट, म्हणजे क जीवनसत्त्वाचा क्षार, फिरवून पाहिला गेला आणि प्रयोगशाळेत गेलेली पकड परत आली. भारतीय संशोधकांनी द्राक्षबियांच्या अर्कासारखी वनस्पतिज द्रव्येही याच कामासाठी तपासली.

दुसरी अडचण भूमितीची होती आणि तिला कोणतेही पाणी उपयोगी पडणार नव्हते. रेझिन घट्ट होताना आकसते. दाताच्या वरच्या खड्ड्यात त्याला आकसायला एक बाजू मोकळी मिळते. मुळाच्या लांब, अरुंद बोगद्यात सगळ्या बाजूंनी भिंतीच. चिकटलेल्या आणि मोकळ्या पृष्ठभागांचे गुणोत्तर वरच्या खड्ड्यात एक ते पाच असते, मुळात ते हजाराच्याही वर जाऊ शकते, असे टे आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले. रेझिन आकसले की कमकुवत बाजू सुटणारच. पुढे रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्यात रेझिलॉनने भरलेले दात गटा-पर्चाच्या तुलनेत अधिक प्रमाणात अपयशी ठरल्याचे आढळले आणि ते उत्पादन बाजारातून गेले. ज्या रुग्णांची मुळे त्या उत्साहाच्या वर्षांत भरली गेली, त्यांना मोनोब्लॉक या शब्दाचा काय उपयोग झाला असेल?

या प्रश्नामागचे कारण जुनेच आहे. १९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांवर केलेला प्रयोग दंतवैद्यकाचा पाया मानला जातो. जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दातांची नस उघडी पाडली तरी ती बरी होत गेली, साध्या उंदरांत मात्र सडली. जंतू असतील तर रोग, नसतील तर नाही. सीलर सुटला की वाट उघडते, उरलेल्या किंवा नव्या जंतूंना खाद्य मिळते आणि काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, मुळाच्या टोकाशी पुन्हा सूज येते. शहरातल्या माणसाला ती दुसरी भेट असते. करमाडसारख्या गावातून येणाऱ्या मजुराला तो बुडालेला रोज, बसभाडे आणि पुन्हा उपचार न परवडल्यास दात काढण्याचा निर्णय असतो.

घाटीपासून जवळच पाणचक्की आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकात या शहराला भूमिगत नहरींनी पाणी दिले, त्या परंपरेत पुढे पाणचक्कीपर्यंतही दुरून मातीच्या नळांनी पाणी आले. नळ कितीही उत्तम भाजलेले असोत, सांधा गळका असला तर पाणी पोचत नाही. दाताच्या मुळात हिशेब उलटा, तिथे काहीच पोचू द्यायचे नसते. सांध्याचे महत्त्व मात्र तेवढेच.

हा सांधा किती पक्का, हे मोजतात कसे? बहुधा दात सरळ करण्याच्या उपचारासाठी काढलेल्या उपदाढा घेतात. मुळे साफ करतात, वेगवेगळ्या द्रावणांनी धुतात, सीलर भरतात. मग मूळ आडवे कापून एक-दोन मिलिमीटर जाडीच्या चकत्या करतात आणि बारीक दांड्याने मधला भराव ढकलतात. तो कोणत्या दाबाला सुटला, ते मेगापास्कलमध्ये नोंदवतात. यालाच पुश-आउट चाचणी म्हणतात. भारतभरच्या दंत महाविद्यालयांत एमडीएसचे कित्येक प्रबंध या चकत्यांवर उभे आहेत. आकडे उपयोगाचे आहेत, पण चकतीला रक्तपुरवठा नसतो, लाळ नसते, चावण्याचा भार नसतो. त्याआधी रंग झिरपण्याच्या चाचण्यांची अशीच चलती होती. २००७ मध्ये या शाखेच्या एका प्रमुख नियतकालिकानेच झिरपण्याच्या अभ्यासांकडे पाठ फिरवली, कारण ते एकमेकांशी जुळत नव्हते आणि रुग्णाचे काय होईल हे सांगत नव्हते. पुश-आउटचे आकडे वाचताना ही आठवण ठेवावी. एका द्रावणाने पकड वाढली, म्हणून दात जास्त वर्षे टिकला, असा पुरावा आपोआप तयार होत नाही.

गेल्या दोन दशकांत खेळात नवा गडी आला आहे. १९९३ पासून महमूद तोराबिनेजाद यांच्या संशोधनातून एमटीए हे द्रव्य दंतवैद्यकात आले. त्याचा पाया पोर्टलंड सिमेंट, जे जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट केले आणि ज्याने आपल्या गावागावातली घरे उभी आहेत. याच कॅल्शियम सिलिकेटच्या घराण्यातून ‘बायोसेरॅमिक’ सीलर निघाले. रेझिन मुळात ओल खपवून घेत नव्हते. या सीलरला ओल हवीच. स्लॅब टाकल्यावर गवंडी रोज पाणी मारतो, तसेच काहीसे. मूळ अतिरेकी कोरडे केले तर तो नीट घट्ट होत नाही. शिवाय डेंटिनशी त्याचे नाते कॅल्शियमवर आधारलेले आहे, आणि ईडीटीएचे कामच कॅल्शियम पळवण्याचे.

म्हणजे एपॉक्सीसाठी जे शेवटचे पाणी योग्य ठरले, तेच इथे संशयित आहे. काही प्रयोगांत ईडीटीएनंतर पकड घटली, काहींत फरक दिसला नाही. ईडीटीएनंतर शुद्ध पाण्याने किंवा फॉस्फेटयुक्त सलाइनने ते पुरते धुवून काढावे का, त्याऐवजी सौम्य चिलेटर वापरावा का, यावर चकत्या कापल्या जात आहेत. दंतवैद्याच्या ट्रेवर सिरिंजा त्याच आहेत: हायपोक्लोराइट, ईडीटीए, सलाइन. शेवटी कोणती उचलायची, हे आता आधी सीलरची डबी वाचून ठरवावे लागते.